पूर्ण सहमत

मानसशास्त्रात एम.ए. करताना मी अमळनेरच्या आसपासच्या गावांत प्रश्नावली घेऊन हिंडत होते. विषय होता पालकांची अहिराणी या खानदेशातल्या बोलीबद्दलची अभिवृत्ती. अभिवृत्ती म्हणजे एखाद्या गोष्टीकडे मनाचा ओढा आहे की नावड, आणि किती. ती डोळ्यांना दिसत नाही, बोलण्या-वागण्यावरून ताडावी लागते. मी लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाची १९३२ची पद्धत घेतली होती: एकेक विधान वाचायचं आणि 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंतच्या पाच घरांपैकी एकात खूण. 'शाळेत अहिराणी बोलू देऊ नये' अशी काही विधानं मुद्दाम उलटी. त्यांचे गुणही उलटे धरायचे, म्हणजे सरसकट हो म्हणणारा लक्षात येतो.

एका ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या मावशींचे ६० पैकी ५७ गुण झाले, म्हणजे अहिराणीची भरपूर ओढ. मी खुशीत कागद आवरत होते, तेवढ्यात त्यांचा नातू शाळेतून आला. "बाळा, चप्पल बाहेर काढ. हातपाय धुऊन घे," मावशी म्हणाल्या. लगेच आत वळून जावेला मात्र अहिराणीत हाक: "आठे ये व!"

मला फसल्यासारखं वाटलं. मग सरांनी ला पिएरचा १९३४चा लेख वाचायला दिला. हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याला घेऊन अमेरिकाभर फिरला. हॉटेलं-खाणावळी मिळून २५१ ठिकाणी गेले, नकार फक्त एका ठिकाणी. नंतर पत्रानं विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी चिनी पाहुणे घेणार नाही असं कळवलं.

तिथे बोलणं कडू आणि वागणं गोड, मावशींचं नेमकं उलट. पण त्या खोटं बोलल्या नव्हत्या, याची मला खात्री आहे. चूक माझ्या विधानांची होती. मी 'अहिराणी'बद्दल विचारलं, 'शाळेत जाणाऱ्या नातवाशी अहिराणीत बोलण्या'बद्दल नाही. फिशबाइन आणि आयझेन हे मानसशास्त्रज्ञ हेच सांगतात: ज्या वागण्याचा अंदाज हवा, नेमकं त्याबद्दलच विचारा, आणि आजूबाजूची माणसं काय म्हणतील असं वाटतं तेही विचारा. माझी आईसुद्धा मामांशी अहिराणीत आणि माझ्याशी कायम पुस्तकी मराठीत बोलली. म्हणून मला अहिराणी सगळी कळते, पण जीभ अडखळते. ते अजून सलतं.

प्रश्न बदलून मी पुन्हा त्याच ओसरीवर गेले. "मावशी, नातवाशी अहिराणी का नाही बोलत?"

शेंग हातातच राहिली. "साळामा हसतीन ना व माय त्याले."

माझ्या पाच घरांत या उत्तराला जागा नव्हती. मी ते समासात लिहून घेतलं.