राव्हेन्नाच्या खांबांवर उरलेली बोटं

इटलीत दहा दिवस होते, त्यातले दोन राव्हेन्नाला दिले. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं, 'तिथे काय आहे?' माझं उत्तर ठरलेलं होतं: दोन बाप्तिस्मागृहं. एकाच गावात, एकमेकांपासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर, साधारण अर्ध्या शतकाच्या फरकाने सजवलेली. एक निसियाच्या धर्मसभेचं मत मानणाऱ्या कॅथलिकांचं, दुसरं ते न मानणाऱ्या गॉथ लोकांचं. येशू ख्रिस्त नेमका कोण, या प्रश्नावर ज्यांचं पटत नव्हतं त्यांनी तोच येशू आपापल्या छतावर कसा काढला, हे मला एकापाठोपाठ एक बघायचं होतं. सोबत माझी वसईची मैत्रीण होती.

आधी वादाबद्दल थोडं, कारण ते माहीत नसेल तर राव्हेन्ना म्हणजे नुसतं सोनेरी मोझेक. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांड्रियातला एरियस नावाचा धर्मगुरू सांगू लागला की पुत्र, म्हणजे येशू, कितीही थोर असला तरी त्याला पित्याने घडवलं, म्हणजे 'तो नव्हता असंही कधी होतं'. ३२५ साली निसियाच्या सभेने (आज तुर्कस्तानातलं इझनिक) हे नाकारलं आणि पुत्र पित्याशी 'होमोऊसिओस', म्हणजे एकाच तत्त्वाचा, असं ठरवलं. पुढे मधला मार्ग काढणाऱ्यांनी 'होमोइऊसिओस', सारख्या तत्त्वाचा, हा शब्द पुढे केला. ग्रीकमध्ये दोन शब्दांत फरक फक्त 'इओटा' या एका अक्षराचा. एका अक्षरावरून कसले वाद, असं मीही पूर्वी म्हणायचे. आता म्हणत नाही. 'एकच' आणि 'सारखा' यांत किती अंतर आहे, हे द्वैत-अद्वैत ऐकत वाढलेल्या माणसाला वेगळं समजावायला नको. आणि तेव्हाच्या श्रद्धावंताचा प्रश्न तर अगदी जिवाचा होता: ज्याच्या हाती मी माझं तारण सोपवलं, तो देव आहे की देवाने घडवलेला कुणी?

गॉथ लोकांना ख्रिस्ती धर्म पोचवला तो वुल्फिला या बिशपने. त्याने बायबल गॉथिक भाषेत आणलं, पण तो निसियाच्या सूत्राच्या विरोधी बाजूचा होता. त्यामुळे ४९३ साली थिओडोरिक हा गॉथ राजा राव्हेन्नात गादीवर बसला तेव्हा गावात दोन बिशप, दोन कॅथेड्रल आणि दोन बाप्तिस्मागृहं झाली.

आता जाण्याचं. बोलोन्याहून थेट लोकल गाड्या आहेत, सव्वा ते दीड तास लागतो. कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड होतो. स्टेशनपासून गाव चालत दहा मिनिटं, आणि गाव सपाट, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतं. काही जण बोलोन्याहून सकाळी येऊन संध्याकाळी परततात. मी म्हणेन एक रात्र तरी राहा. मान वर करून बघायचं असतं, सलग चार ठिकाणं झाली की डोळे काही घेईनासे होतात.

तिकिटांचं नीट समजून घ्या, इथेच घोटाळा होतो. सान व्हितालेचं चर्च, गाला प्लाचिदियाची समाधी, निओनचं (म्हणजे कॅथलिकांचं) बाप्तिस्मागृह, आर्चबिशपांचं संग्रहालय आणि सांत' आपोल्लिनारे नुओव्हो यांचं एकत्र तिकीट मिळतं. त्यातली समाधी आणि बाप्तिस्मागृह या दोन ठिकाणी वेळ ठरवून घ्यावी लागते आणि आत जेमतेम पाच मिनिटं मिळतात. एरियन (म्हणजे गॉथांचं) बाप्तिस्मागृह आणि थिओडोरिकची समाधी मात्र सरकारी ताब्यात आहेत, त्यांचं तिकीट वेगळं. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. आम्ही पहिल्या दिवशी संध्याकाळी एरियन बाप्तिस्मागृहाशी गेलो तर दार बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो, आणि एका परीने बरंच झालं, कारण तोवर निओनचं छत डोळ्यांत बसलं होतं. क्रम हाच ठेवा: आधी निओन, मग एरियन. आणि छोटी दुर्बीण न्याच.

निओनच्या बाप्तिस्मागृहात शिरल्यावर पहिल्यांदा गोंधळायला होतं, इतकं काही चारही बाजूंनी अंगावर येतं. थेट मध्यावर बघा. येशू कमरेएवढ्या पाण्यात उभा, आणि पाणी असं केलंय की लाटांच्या रेघांतून शरीर दिसत राहतं. एका बाजूला त्याला बाप्तिस्मा देणारा योहान, दुसऱ्या बाजूला पाण्यातून वर आलेला म्हातारा, म्हणजे यार्देन नदी स्वतः. भोवती बारा प्रेषित फिरताहेत. एक सूचना: येशूची दाढी आणि योहानाच्या हातातली ताटली हा भाग एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीतला आहे. इथे दाढी आहे आणि एरियनांकडे नाही, यावरून सिद्धान्त मांडण्याचा मोह होतो, तो टाळा.

एरियन बाप्तिस्मागृह बाहेरून साधं, विटांचं, अष्टकोनी. जमीन इतकी भरत आली आहे की ते आता रस्त्यापेक्षा दोन मीटरहून जास्त खाली आहे. आत भिंती उघड्या, फक्त घुमट शाबूत. आणि घुमटात पुन्हा तेच! पाण्यात उभा येशू, इथे अगदी तरुण, योहान, वर कबुतर (म्हणजे पवित्र आत्मा), आणि यार्देनचा म्हातारा, त्याच्या डोक्यावर खेकड्याच्या दोन लाल नांग्या. भोवती प्रेषित, क्रूस ठेवलेल्या सिंहासनाकडे चाललेले. मी फरक शोधायला आले होते. अर्धा तास शोधला. येशू मानवासारखा विवस्त्र दोन्हीकडे, पवित्र आत्मा दोन्हीकडे. एरियन चित्रात पुत्र कमी लेखलाय असं दाखवायचा प्रयत्न काहींनी केला आहे, मला तो पटला नाही. माझी मैत्रीण वर बघत प्रार्थनेतलं निसियाचं वाक्य मंत्रासारखं पुटपुटत होती, 'जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे.' म्हणाली, 'हे आम्ही लहानपणापासून म्हणतोय. हा शब्द एवढं भांडून आत आलाय हे कुणी सांगितलंच नाही.'

आणखी एक. 'एरियन' हे नाव या गॉथांना विरोधकांनी दिलेलं. राव्हेन्नातल्या त्यांच्या धर्मगुरूंनी ५५१ साली केलेला एक दस्तऐवज आजही आहे, त्यात ते आपल्या चर्चला गॉथांच्या धर्मनियमाचं चर्च म्हणतात, आणि चौघांनी सही गॉथिक भाषेत केली आहे. मी इथे 'एरियन' लिहितेय ते पाट्यांवर तेच आहे म्हणून.

फरक सापडला तो सांत' आपोल्लिनारे नुओव्होत. हे थिओडोरिकच्या राजवाड्याचं चर्च. आत शिरलात की पुढे जाऊ नका, दाराजवळच उजव्या भिंतीकडे तोंड करा. तिथे राजवाडा काढला आहे, 'पालातिउम' अशी अक्षरंही आहेत. कमानींमध्ये पांढरे पडदे गाठ मारून सोडलेले. सुंदर, पण निर्जीव. आता दुर्बीण लावा आणि एकेक खांब बघत जा. एका पांढऱ्या खांबावर हात आहे. नुसता हात, बोटांसकट, माणूस नाही. मग दुसऱ्या खांबावर आणखी एक. बिझान्टिन (पूर्व रोमन) सैन्याने ५४० मध्ये गाव घेतलं, आणि ५६१ च्या सुमारास बिशप आग्नेल्लुसने हे चर्च कॅथलिकांकडे घेताना कमानींतली गॉथ माणसं खरवडून काढली, त्या जागी पडदे बसवले. खांबांवर आलेले हात मात्र राहिले. खांब पुन्हा कोण घडवणार! डाव्या भिंतीवर समोरच राव्हेन्नाचं क्लासे बंदर आहे, तिथली माणसं काढून नुसत्या विटा भरल्यात.

राजवाड्यापासून पुढे रक्तसाक्ष्यांची (धर्मासाठी प्राण दिलेल्यांची) रांग निघते, ती नंतरची. सगळे पांढऱ्या वस्त्रांत, सर्वांत पुढचा संत मार्टिन तेवढा जांभळ्यात. पाखंड्यांचा कर्दनकाळ म्हणून त्याची ख्याती. चर्चच त्याच्या नावे केलं गेलं. मात्र अगदी वर, छताला लागून असलेली येशूच्या जीवनातली २६ दृश्यं थिओडोरिकच्या काळची, त्यांना कुणी हात लावला नाही. म्हणजे एरियनांचा येशू कॅथलिकांना चालला, एरियन माणसं चालली नाहीत. मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

थिओडोरिकला मोठा करून सांगायचं नाही. जेनोव्हाच्या ज्यूंना त्याने लिहवलं होतं की धर्माची सक्ती आम्ही करू शकत नाही, कारण इच्छेविरुद्ध विश्वास कुणावर लादता येत नाही. तीस-बत्तीस वर्षं त्याने ते बऱ्यापैकी पाळलं. शेवटी मात्र बोएथियससारख्या विद्वानाला त्यानेच मारवलं, आणि पोप पहिला जॉन ५२६ मध्ये इथेच कैदेत मेला. याच बोएथियसने ख्रिस्ताच्या एका व्यक्तित्वावर आणि दोन स्वभावांवर निबंध लिहिला होता.

दोन स्वभावांचा हा वाद पुढचा: ख्रिस्त देव आहे हे मान्य, मग तो माणूस कसा? गाला प्लाचिदियाच्या समाधीत निळ्या छताखाली तारे मोजत बसण्याआधी एवढं लक्षात ठेवा की या सम्राज्ञीने ४५० साली कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाला, आपल्या भाच्याला, याच वादात पत्र लिहून आदल्या वर्षीच्या एफेससच्या सभेतल्या दंडेलीचा निषेध केला होता. ४५१ च्या कॅल्सेडनच्या सभेने (इस्तंबूलचा कादिकॉय) सूत्र दिलं: एकच व्यक्ती, दोन स्वभाव, मिसळण नाही, बदल नाही, फूट नाही, ताटातूट नाही. ज्यांना ते पटलं नाही ते कायमचे वेगळे झाले.

सान व्हितालेत तो दुरावा एकाच घरात दिसतो. डावीकडे बिझान्टिन सम्राट जस्टिनियन सोन्याची ताटली घेऊन, तो कॅल्सेडनचा पक्षपाती. समोर त्याची राणी थिओडोरा प्याला घेऊन, आणि तिने कॅल्सेडन न मानणाऱ्या साधूंना राजधानीत आसरा दिलेला. तिच्या झग्याचा काठ बघा, त्यावर बाळ येशूसाठी भेट घेऊन निघालेले तीन ज्ञानी विणलेत. चर्चमधल्या प्रसादाच्या ज्या प्याल्यावरून त्या काळी माणसं वेगळी होत होती, तो तिच्याच हातात आहे.

याच जस्टिनियनच्या काळात अलेक्झांड्रियाचा व्यापारी-प्रवासी कॉस्मास लिहितो की भारतात 'कल्लियाना' इथे पर्शियातून नेमलेला बिशप आहे. अनेक अभ्यासक हे आपलं कल्याण मानतात. तो बिशप पर्शियाच्या, म्हणजे एफेससच्या ४३१ च्या सभेने बाहेर काढलेल्या नेस्टोरियस या बिशपला मानणाऱ्या परंपरेचा. मैत्रीण म्हणाली, 'म्हणजे वाद वसईच्या खाडीपर्यंत आला होता.' जवळजवळ.

जेवणाचं सोपं आहे. पियादिना म्हणजे जाडसर पोळी, त्यात स्क्वाक्वेरोने नावाचं मऊ चीज आणि रुकोलाची कडसर पानं. शाकाहारी लोकांनी मात्र आधी विचारावं, पारंपरिक पोळीच्या पिठात डुकराची चरबी (स्त्रुत्तो) असते. 'सेन्झा कार्ने' म्हटलं की मांस घालत नाहीत, पण चरबीही नको असेल तर 'सेन्झा स्त्रुत्तो' असंही म्हणा. चर्चमध्ये खांदे झाकलेले हवेत. क्लासेच्या चर्चला जायचं तर ४ नंबरची बस.

थिओडोरिकची समाधी शेवटी ठेवा, स्टेशनपासून वीस मिनिटं चालत, वाटेत सावली कमी, पाणी घ्या. वरचा घुमट एकाच अखंड दगडाचा, सुमारे दहा मीटर रुंद. मोझेक नाही, काही नाही. वरच्या खोलीत जांभळट पॉर्फिरी दगडाचं मोठं टाकं आहे, एका बाजूने फुटलेलं. त्यात ज्याला ठेवलं असेल तो कधीच नाहीसा झालाय. आम्ही दोघीच होतो. मैत्रिणीने टाक्याच्या कडेवर हात ठेवला, आणि आम्हा दोघींनाही तो खांबावरचा हात आठवला.