दोघींच्या बागा

फ्रान्समधल्या तूर शहरातून निघालेली गाडी अर्ध्या तासात शनोंसोला पोचली. फ्रेंचमध्ये लिहिताना गावाच्या नावाला शेवटी एक अक्षर जास्त, तिथल्या महालाच्या नावाला ते नाही, उच्चार एकच. तिकिटावर छपाईची चूक आहे, असं मी लेकीला ठासून सांगितलं आणि तोंडघशी पडलो.

झाडांच्या सरळसोट रस्त्याच्या शेवटी आधी दिसतो तो एकटा गोल बुरूज. जुन्या गढीचं एवढंच शिल्लक. १५१३ मध्ये राजाच्या खजिन्यावरचा अधिकारी तोमा बोइए याने गढी पाडून, शेर नदीतल्या पाणचक्कीच्या पायावर नवं घर काढलं. देखरेख बायकोची, कातरिनची. बाहेरून टोकदार गॉथिक मनोरे, आत मात्र इटलीच्या वळणाचा सरळ जिना. ठिगळं जोडलेल्या गोधडीसारखा हा महाल. आणि गोधडीसारखाच ऊबदार वाटला मला.

पण मन अडकलं ते बागांत. १५४७ मध्ये राजा हेन्री दुसरा याने महाल आपल्या प्रेयसीला, दियान द प्वातिएला दिला. ती त्याच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठी. तिने नदीवर पूल बांधवला आणि पुराचं पाणी शिरू नये म्हणून उंच चौथऱ्यावर बाग केली. हिरवळीचे आठ त्रिकोण, मध्ये कारंजं. १५५९ मध्ये भाल्याच्या खेळात राजा जखमी होऊन मेला. विधवा राणी कॅथरीन द मेदिचीने दियानला महाल सोडायला लावलं, बदल्यात शोमोंचा महाल दिला. मग महालाच्या दुसऱ्या बाजूला स्वतःची बाग केली. गोल तळ्याभोवतीची. पण तीही दियानच्या बागेच्या निम्मीच, आणि मोठीला आजही दियानचंच नाव! सत्यभामा-रुक्मिणीचं एका पारिजातकावर तरी भागलं. लेक म्हणाली, "बाबा, मला छोटीच आवडली." मलाही, पण मी कबूल केलं नाही.

दियानच्या पुलावर कॅथरीनने दालन चढवलं: ६० मीटर लांब, काळ्या-पांढऱ्या फरशीचं. मेजवान्यांसाठी केलेल्या या जागेत पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या खाटा होत्या. दुसऱ्या महायुद्धात शेर नदीच सीमा ठरली. अलीकडचं दार जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, पलीकडचं मोकळ्या भागात. कित्येकजण याच फरशीवरून निसटले.

आम्ही पलीकडच्या दाराने बाहेर पडलो. तिथे बाग नाही, नुसतं रान. पाऊस सुरू झाला होता आणि छत्री सामानघरात राहिली होती.