जे वर लोड

ताई आज फोनवर सहज बोलून गेली, "तुला कुठे आवडायचं गं ते कम्प्युटरचं, तू तर नुसती बसून असायचीस." विषय चालला होता तिच्या नातवाच्या कोडिंग क्लासचा, ती पुढे फीबद्दल बोलत राहिली आणि मी हं हं करत राहिले. दुपारपासून तेच डोक्यात आहे.

नुसती बसून?

१९८६ ची मे महिन्याची सुट्टी, दादरचं ते कम्प्युटरचं शिबीर, चपला बाहेर, आत एसी, आणि टीव्हीला जोडलेल्या एका स्पेक्ट्रम कम्प्युटरवर दोघीदोघी. की-बोर्ड ताईपुढे, मी बाजूच्या स्टुलावर. रबराची बटणं आणि एकेका बटणावर आख्खे शब्द छापलेले, पी दाबलं की प्रिंट, जी दाबलं की गोटू, म्हणजे टाईप करण्यापेक्षा कुठे काय आहे ते पाठ असणं महत्त्वाचं. मी केलं पाठ. घरी कालनिर्णयच्या जुन्या पानामागे पूर्ण की-बोर्ड काढला होता, चार ओळी, ओळीत दहा बटणं, आणि जेवणं झाली की त्यावर बोटं चालवायचे. एकाच खोलीत झोपायचो आम्ही, ताईला दिसलं नसेल?

आणि कॅसेट! टेपवरून गेम कम्प्युटरात लोड व्हायला चार-पाच मिनिटं, टीव्हीच्या कडेने आधी लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे, कानात किर्र आवाज, टेपचा व्हॉल्यूम जरा कमी-जास्त झाला की टेप लोडिंग एरर, की पुन्हा रिवाइंड. तो व्हॉल्यूम मी लावायचे. रोज. आवाजावरून कळायचं मला नीट येतंय की नाही ते.

की-बोर्डपुढे तू बस आता, असं कोणी म्हणालंच नाही. सर नाही, ताई नाही. बाबांनी फी भरताना जे म्हटलं होतं ते तर... जाऊ दे.

खरं तर ताईने तरी कधी बघायचं माझ्याकडे, तिची नजर टीव्हीवर, पुढची ओळ चुकू नये म्हणून जीव मुठीत, तीही तेरा वर्षांचीच होती. तिला जे दिसलं ते तिने सांगितलं. मला आवडायचं, खूप आवडायचं, हे माझं मला माहीत आहे आणि ते पान अजून बोटांत आहे.

उद्या फोन करून तिला विचारणार आहे, लोड कुठल्या बटणावर होतं सांग. ती एल म्हणेल. एलवर लेट होतं.