गोविंद महादेव स्वतःचेच आजोबा

आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत चुलतभावाने बरीच वर्षं खपून एका जुन्या विंडोज प्रोग्रॅममध्ये भरला होता. तो प्रोग्रॅम आता उघडतही नाही. त्यातून निघालेली जेडकॉम फाइल (वंशावळ एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायचा ठरलेला मजकुरी साचा) भावाने मला पाठवली आणि मी ती ग्रॅम्प्स या वंशावळीच्या प्रोग्रॅममध्ये घेतली. ग्रॅम्प्स फुकट आहे, आणि चुका शोधायची त्याची साधनं चांगली आहेत.

सुरुवातीला नावंच वाचता येईनात. सगळीकडे टोपी घातलेले रोमन ए आणि गोल चिन्हं. फाइलीतला मजकूर युटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत होता, पण मथळ्यातली, अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवलीत ते सांगणारी ‘कॅर’ची ओळ ‘अ‍ॅन्सी’ म्हणत होती, म्हणजे जुनी, रोमन अक्षरांपुरती पद्धत. टेक्स्ट एडिटरमध्ये तेवढी ओळ बदलली आणि मराठी दिसू लागलं.

तरी लांबलचक टिपांमध्ये मधेच चौकोन उरलेच. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं असतं. जेडकॉम ५.५.१ मध्ये ओळीच्या लांबीला मर्यादा आहे; ती ओलांडली की उरलेला मजकूर ‘कॉंक’ या खुणेने पुढच्या ओळीवर जातो. जुना प्रोग्रॅम बाइट मोजून ओळ तोडायचा, त्यामुळे अक्षराचे तुकडे दोन ओळींवर पडलेले. फाइल युटीएफ-८ म्हणून उघडून जतन केली असती, तर ते तुकडे कायमचे गेले असते. म्हणून ती लॅटिन-१ म्हणून उघडली (त्यात प्रत्येक बाइट हेच एक अक्षर, त्यामुळे काही हरवत नाही), ‘कॉंक’च्या ओळी शोधून आधीच्या ओळींना जोडल्या, जतन केली आणि मग पुन्हा युटीएफ-८ म्हणून उघडली. (२०२१ च्या जेडकॉम ७ मध्ये ‘कॉंक’ काढूनच टाकलंय. फार बरं केलं.)

मग खरं दुखणं पुढे आलं. गोविंद महादेव हे स्वतःचेच आजोबा निघाले. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळे गोविंद महादेव, महादेव गोविंद, पुन्हा गोविंद महादेव अशी माळ प्रत्येक घरात असते. जुन्या प्रोग्रॅमच्या ‘दुबार नोंदी एकत्र करा’ने नाव आणि बापाचं नाव जुळतंय एवढं बघून आजा-नातू एक करून टाकले होते. वंशवृक्षाचा आलेख काढू लागलं की नुसतं गरगर.

वेगळं करणं किचकट होतं, कारण जेडकॉममध्ये दुवा दोन्ही बाजूंनी लिहिलेला असतो: माणसाच्या नोंदीत आईबापांच्या कुटुंबाचा क्रमांक, आणि कुटुंबाच्या नोंदीत मुलाचा. एकच बाजू पुसली की तपासणी पुन्हा तक्रार करते. त्यामुळे ते ग्रॅम्प्सच्या आतच केलं. दुसरा गोविंद नव्याने तयार केला आणि कुलवृत्तांतातला पिढीचा आकडा बघत बायका, मुलं, गावं दोघांत वाटून दिली.

दोन आईबाप दिसले की तोडा, असं मात्र नाही. दत्तक गेलेला मुलगा दोन्ही घरांत असायलाच हवा. ग्रॅम्प्समध्ये तो दोन्ही कुटुंबांत ठेवून एका ठिकाणी नातं ‘दत्तक’ नोंदवता येतं. आमच्यात धाकट्याचा मुलगा थोरल्याला दिलेला, म्हणजे जन्मदाता तोच काका. आलेख विचित्र दिसतो, पण खरा आहे.

तारखांचं कोडं सोपं निघालं. बाप १७६८ चा, मुलगा १८७२ चा. बापाचं साल शके होतं, मुलाचं इसवी. शके १७६८ म्हणजे इ. स. १८४६, तेव्हा बाप सव्वीसचा. एरवी ७८ मिळवायचे. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९. तिथी इंग्रजीत करताना राष्ट्रीय शकाचं कोष्टक वापरू नका. १९५७ ला स्वीकारलेल्या त्या पंचांगात चैत्र २२ मार्चला लागतो, लीप वर्षी २१ ला. त्याचा तिथीशी संबंध नाही. ग्रॅम्प्समध्ये ज्यू, इस्लामी, फ्रेंच क्रांतीचं अशी कॅलेंडरं आहेत, शालिवाहन शक नाही. मी साल ‘सुमारे’ म्हणून भरलं आणि मूळ शके टिपेत ठेवलं.

बायकांच्या नोंदी निस्तरायला आत्याच लागली. एकाच पुरुषाच्या दोन बायका दिसत होत्या, मुलं मात्र तीच. फोन केला तर म्हणाली, “अगं, दोघी कुठल्या? लग्नात नाव बदललं नव्हतं का तिचं!” अशा जोड्या एक केल्या, माहेरचं नाव मुख्य ठेवलं आणि सासरचं ‘विवाहोत्तर नाव’ म्हणून खाली. तेवढ्याने ‘नवरा-बायकोचं आडनाव एकच’ हे ढीगभर इशारे आपोआप गेले. कुलवृत्तांतात कित्येक जणींचं माहेरचं आडनावच नाही. तिथे जागा रिकामी सोडली, सासरचं टाकून भरली नाही.

उरले ते इशारे चुकीचे नव्हतेच. ‘लग्नाचं वय फार कमी’ हा तर जवळजवळ प्रत्येक जुन्या जोडप्याला. मुलीसाठी चौदा वर्षांची अट घालणारा सारडा कायदा १ एप्रिल १९३० ला लागू झाला. त्याआधीच्या आमच्या घरातल्या नवऱ्या नऊ-दहाच्या. वय दुरुस्त करायचं नाही, ओळीवर खूण करायची आणि ‘खुणा केलेल्या लपवा’ म्हणायचं. मामेबहिणीशी झालेल्या लग्नांमुळे तीच माणसं दोन फांद्यांवर येतात, तीही तशीच ठेवली.

भावाला परत पाठवताना जेडकॉम ५.५.१ च पाठवली, कारण त्याचा नवा प्रोग्रॅम ७ वाचत नाही. सोबत ग्रॅम्प्सची एक्सएमएल प्रतही दिली. त्याला सांगितलंय, ‘दुबार नोंदी एकत्र करा’ला हात लावू नकोस.