विक्रीला काढलेला १० गॅलनचा इलेक्ट्रिक ब्रूइंग (घरी बिअर बनवायचा) संच: तयारीच्या नोंदी

संच असा आहे: १५ गॅलनची स्टेनलेस स्टीलची तीन भांडी (गरम पाण्याचं, मॅशचं म्हणजे भरडलेलं धान्य गरम पाण्यात भिजवायचं, आणि उकळीचं), गरम पाण्याच्या भांड्यात वर्ट (धान्यातून उतरलेला गोड रस) फिरवायची ५० फुटी स्टील कॉइल, ५५०० वॅटची दोन एलिमेंट, दोन मॅग्नेटिक ड्राइव्ह पंप आणि घरी बांधलेलं ३० अँपियरचं कंट्रोल पॅनल. ठिकाण न्यू जर्सी. पॅनलवर निवडीचा स्विच आहे, त्यामुळे एका वेळी एकच एलिमेंट चालतं. दोन्ही एकदम चालवायची तर ५० अँपियरची लाइन आणि वेगळं पॅनल लागतं. जाहिरातीची पहिली ओळ हीच राहणार.

भांडी कोणीही हात फिरवून पारखून घेतो. सौदा अडतो तो पॅनलपाशी, कारण दुसऱ्याने घरी बांधलेल्या २४० व्होल्टच्या डब्याला हात लावायला शहाणा माणूस कचरतोच. म्हणून तयारीचा बहुतेक वेळ विजेवर घालवला आहे, आणि प्रत्येक मोजमाप कागदावर उतरवून ते खरेदीदाराला द्यायचं ठरवलं आहे.

पहिला शनिवार: मीटर

प्लग काढून, वायरी सोडवून एलिमेंटच्या दोन टोकांमधला रोध मोजला. २४० व्होल्टला ५५०० वॅट म्हणजे हिशेबाने १०.५ ओहम. एक १०.४ निघालं, दुसरं १०.६. दोन्ही ठीक.

खरी गोष्ट पुढे आहे. टोक आणि भांड्याचं स्टील यांच्यामध्ये साध्या मीटरने दोन्हीकडे ‘ओएल’ (मोजता न येण्याइतका जास्त रोध) दाखवलं. पण साधा मीटर मोजताना जेमतेम काही व्होल्ट लावतो आणि सर्द झालेलं एलिमेंट त्याला सहज चकवतं. ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्ट लावून वेष्टणाचा रोध मोजणारा मीटर) लावल्यावर उकळीच्या भांड्याचं एलिमेंट ०.३ मेगाओहमवर आलं. गळतीचा ब्रेकर ५ मिलिअँपियरला पडतो, म्हणजे रोध साधारण २४ किलोओहमपर्यंत उतरावा लागतो. तो अजून पडत नव्हता, पण वाटचाल तिकडेच होती. नव्या मालकाच्या घरी तिसऱ्याचौथ्या उकळीला ब्रेकर पडला असता आणि बोल पॅनलला लागला असता.

कारण साधं आहे. एलिमेंटच्या नळीत तार आणि धातू यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते आणि ती ओल शोषते. बुडाचं गॅस्केट जरासं झिरपलं की पाणी टर्मिनलच्या बाजूने आत शिरतं. एलिमेंट बाहेर काढलं, गॅस्केट आणि प्लास्टिकचे भाग उतरवले आणि ओव्हनमध्ये २५० फॅरनहाइटवर तीन तास ठेवलं. थंड झाल्यावर मेगरवर २०० मेगाओहमच्या वर. सिलिकोनचं नवं गॅस्केट घालून परत बसवलं. बूड स्टेनलेसचं आहे का, हेही याच वेळी बघून घ्यावं. वॉटर हीटरच्या स्वस्त एलिमेंटचं बूड साध्या लोखंडाचं, वरून मुलामा दिलेलं असतं आणि ते गंजून भांड्यात तांबूस ओघळ सोडतं.

मग प्लग. पॅनलमधून एलिमेंटकडे जाणाऱ्या एल६-३० (फिरवून अडकणाऱ्या, ३० अँपियरच्या) प्लगांपैकी एक उघडला तर एका स्क्रूपाशी वायरचं काळं वेष्टण तपकिरी होऊन कडक झालेलं, नखाने दाबलं की तुकडा पडत होता. तांबं निस्तेज, स्क्रू पाव फेरा सैल. एलिमेंट २३ अँपियर ओढतं. सैल जोडात ०.१ ओहम जरी रोध तयार झाला तरी तिथे ५३ वॅट उष्णता निघते, ती अंगठ्याएवढ्या जागेत. वायर दोन इंच मागे, चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापली, टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) दाबलं आणि प्लग नवा लावला. समोरचं सॉकेटही बदलायचं आहे. नुसता प्लग बदलून भागत नाही, कारण तापलेल्या सॉकेटच्या पात्यांची पकड गेलेली असते आणि ती नव्या प्लगचीही तीच गत करते.

एसएसआर म्हणजे सॉलिड स्टेट रिले, एलिमेंटचा इलेक्ट्रॉनिक स्विच, जातो तेव्हा बहुतेक वेळा बंद होऊन नव्हे, चालू अवस्थेत अडकून जातो: पीआयडी (तापमान राखणारा कंट्रोलर) शून्य सांगतो आणि एलिमेंट तापतच राहतं. तपासणी क्लॅम्प मीटरने (वायरभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या) करावी. पीआयडीचं लक्ष्य खोलीच्या तापमानाखाली ठेवायचं, मग करंट शून्य दिसला पाहिजे. व्होल्टमीटर इथे फसवतो. बंद एसएसआरमधूनही काही मिलिअँपियर झिरपतात, त्यामुळे लोड जोडलेला नसेल तर तो २४० च्या आसपास दाखवतो आणि चांगला एसएसआर फेकला जातो. या पॅनलमध्ये एसएसआरच्या आधी कॉन्टॅक्टर (विजेने चालणारा यांत्रिक स्विच) आहे, म्हणजे स्विच बंद केला की दोन्ही फेज खरोखर तुटतात. तसा तो नसता तर पॅनल विकायला काढलंच नसतं.

तापमानाचा पीटी१०० सेन्सर वितळत्या बर्फात १०० ओहम आणि १०० अंश सेल्सिअसला १३८.५ ओहम दाखवतो. बर्फात तिन्ही सेन्सर अर्ध्या अंशाच्या आत आले. डेन्व्हरसारख्या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तिकडच्या कोणी उकळत्या पाण्यावर पीआयडी ‘दुरुस्त’ केला असेल तर तो संच पाच अंश जास्त दाखवतो. जुना पीआयडी घेताना त्यातला ऑफसेट (मुद्दाम घातलेला फरक) आधी शून्य करून घ्या.

दुसरा शनिवार: पाणी

खरेदीदारासमोर करायची चाचणी आधी एकदा करून घेतली. १० गॅलन पाणी, २० अंशांवरून उकळीपर्यंत. हिशेबाने ३८ मिनिटं. भांडं, हवा यांत जाणारी उष्णता धरून ४३ लागली. क्लॅम्प मीटरवर २२.७ अँपियर. हाच संच २०८ व्होल्टवर लावला तर एलिमेंट ४१०० वॅटच देतं आणि नुसत्या हिशेबानेच ५१ मिनिटं होतात. काही मोठ्या अपार्टमेंट इमारतींत २०८ व्होल्ट असतात, तेव्हा हे विचारून घेणं बरं, नाहीतर ‘एलिमेंट कमजोर आहे’ अशी तक्रार येते.

पूर्ण शक्तीवर तासाला सव्वादोन गॅलनच्या आसपास पाणी उडतं. १० गॅलनच्या बॅचला उकळी लागल्यावर ६० टक्के पुरतात. हा आकडा पॅनलवर चिकटवून ठेवला आहे.

कॉइलची गळती: एक तोंड बंद, दुसऱ्यातून ८ पीएसआय हवा, भांड्यात पाणी. बुडबुडे नाहीत. पंपाचं डोकं उघडून इम्पेलर आणि ओ-रिंग पाहिली. एकाची ओ-रिंग चपटी झाली होती, बदलली.

सफाई

पीबीडब्ल्यू (ब्रूइंगची भांडी धुवायची पावडर) गॅलनला एक औंस, ६० अंशांवर अर्धा तास पंपाने फिरवून, मग सायट्रिक अ‍ॅसिड, मग साधं पाणी. स्टेनलेसला ब्लीच लावू नका, क्लोरिनने बारीक खड्डे पडतात. बाहेरून सगळं लखलखलं, तरी थ्री-पीस बॉल व्हॉल्व्ह सोडवल्यावर चेंडूच्या मागे तपकिरी, चिकट वर्तुळ निघालं, आंबूस वासाचं. तिथे फिरवलेलं पाणी पोचतच नाही. तिन्ही व्हॉल्व्ह उघडून घासले. टू-पीस व्हॉल्व्ह सहज सुटे होत नाहीत. जुन्या संचावर ते असतील तर नवे लावून द्या, खर्च किरकोळ आहे.

काय द्यायचं, काय नाही

प्लेट चिलर (उकळलेला वर्ट पत्र्यांमधून नेऊन गार करणारा) देणार नाही. पत्र्यांच्या आत अडकलेला हॉप्सचा चोथा दिसत नाही आणि पूर्ण निघालाच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. त्याऐवजी तांब्याचा इमर्शन चिलर (वर्टमध्ये बुडवायची कॉइल) देतो आहे, तो डोळ्यांनी तपासता येतो. सिलिकोनच्या जुन्या नळ्या फुकट, किमतीत धरलेल्या नाहीत. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वेगळा, कारण त्यावर ठोकलेली हायड्रो-चाचणीची तारीख पाच वर्षांहून जुनी असली की तो भरून मिळत नाही. कोणाकडे केग (बिअरचं स्टीलचं पिंप) कापून केलेलं भांडं असेल तर ते ब्रूअरीचं नाही ना, हे बघा. डिपॉझिट भरलं म्हणजे केग विकत घेतला असं होत नाही.

बिअर सोबत देऊन ‘सौदा गोड’ करू नका. १९७८ च्या अमेरिकी केंद्रीय कायद्याने घरी बिअर बनवायला मोकळीक मिळाली, एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २००. पण ती विकायला नाही. उपकरणं विकायला काही अडचण नाही.

किंमत

भांडी, कॉइल, पंप यांना नव्याच्या निम्मी किंमत धरली. पॅनलमधल्या सुट्या भागांची एक तृतीयांश, मजुरी शून्य. पॅनल बांधायला लागलेले तास खरेदीदार मोजत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे: यूएलची (विजेची उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेची) मान्यता नसलेला डबा तो स्वतःच्या जोखमीवर घेतो. हे जाहिरातीत स्पष्ट लिहिलं आहे, सोबत वायरिंगचा आराखडा आणि झाकण उघडलेले चार फोटो. बेरीज ११५० डॉलर झाली. एकाच भांड्यात सगळं करणाऱ्या यंत्रांनी तीन भांड्यांच्या संचांचे भाव पाडले आहेत हे खरं, पण अ‍ॅन्व्हिल फाउंड्रीचं साडेदहा गॅलनचं यंत्र २४० व्होल्टवर २८०० वॅट देतं, हा संच ५५००. मोठ्या बॅच करणाऱ्याला तो फरक कळतो. सुटं विकलं तर थोडे जास्त येतील, पण पॅनल मागे उरेल.

भेटीआधी एक प्रश्न हमखास: घरी सॉकेट कोणतं? पॅनलची वायर एल१४-३० आहे, चार तारांची, कारण पंप १२० व्होल्टचे आहेत आणि त्यांना न्यूट्रल लागतो. जुन्या घरांत ड्रायरचं १०-३० सॉकेट असतं, तीन तारांचं: दोन फेज, एक न्यूट्रल, अर्थ नाही. नव्या जोडणीत ते १९९६ पासून बंद झालं. त्यावर अ‍ॅडॉप्टर लावून हा संच चालवू नका. भांड्याला अर्थ मिळत नाही आणि हात ओल्या भांड्यावर असतो. इलेक्ट्रिशियनकडून चौथी तार आणि दोन पोलचा ३० अँपियरचा गळतीचा ब्रेकर बसवून घ्यावा.

‘भारतात नेला तर?’ असं दोघांनी विचारलं. एलिमेंट २३० व्होल्टवर ५०५० वॅट देईल, त्यात अडचण नाही. पंप मात्र १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे आहेत, ते बदलावे लागतील, आणि पॅनलची वायरिंगही. मुळात महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. भांडी स्वयंपाकाला न्या हवी तर.

बाकी काम: एल६-३० चं सॉकेट यायचं आहे. ते बसवून पुन्हा एकदा तासभर पूर्ण लोडवर चालवायचं, प्लगला हात लावून पाहायचा. कोमट लागला तर चालेल, चटका बसला तर जोड पुन्हा उघडायचा. मगच फोटो चढवायचे.