शिळावर्तुळांसाठी केलेला अर्ज आणि मोजणीत अडकलेला प्रस्ताव : माझा अनुभव

आमच्या गावाबाहेरच्या माळावर शिळावर्तुळं आहेत, म्हणजे गोलाकार मांडलेल्या मोठ्या दगडांची रिंगणं. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या महापाषाण काळातल्या माणसांची ही दफनभूमी. नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळं केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत, माहुरझरीच्या वर्तुळांत तर घोड्यांचे साज सापडले. आमची मात्र कुठल्याच यादीत नव्हती. एका वर्तुळाच्या मधोमध मुरमासाठी जेसीबी लागला, कडेचे दगड कुणाच्या तरी धुऱ्याला गेले, आणि मी राज्य पुरातत्त्व विभागाकडे अर्ज केला.

ग्रामसभेचा ठराव मिळाला. विभागाचे लोक येऊन पाहणी करून गेले, त्यांनी नीट नोंदी घेतल्या. त्यांनी मागितलं ते एवढंच : सातबारा, चतुःसीमा आणि मोजणीचा नकाशा.

इथेच सगळं अडलं. सातबाऱ्यावर जमीन सरकारी, शेरा झुडपी जंगलाचा. मोजणी कार्यालयातल्या बाबूंनी विचारलं, "जमीन तुमची आहे का? मग अर्ज कसा घेऊ?" तहसीलला गेलो तर म्हणाले, वनविभागाला विचारा. वनविभाग म्हणे, ताबा महसूलचा आहे. मी ऑनलाइन गटनकाशा छापून नेला, त्यावर वर्तुळांच्या जागा लाल पेनानं दाखवल्या. "हा चालत नाही, क प्रत लागते." क प्रत म्हणजे मोजणीनंतर मिळणारा अधिकृत नकाशा. पण ती मोजणीशिवाय निघत नाही, आणि मोजणीचा अर्ज माझ्याकडून कुणी घेईना. तिकडे टिप्पर सुरूच. प्रत्येक पावसाळ्यात खड्ड्याची कड ढासळायची आणि आतली काळी-तांबडी खापरं उघडी पडायची. ती बघून जीव तुटायचा. सरकारी जमिनीवरचा हजारो वर्षांचा ठेवा जातोय, आणि मोजणी सरकारातल्या कुणी मागायची हे कुणी सांगेना, याचा राग अजून गेलेला नाही.

सुटलं ते माहितीच्या अधिकारामुळे. त्या गटाचा ताबा नेमका कोणाकडे आणि मोजणीचा अर्ज कोणी करायचा, एवढंच विचारलं. तहसीलकडून लेखी उत्तर आलं : ताबा महसूलकडे, आणि सरकारी जमिनीची मोजणी तहसीलदारांच्या पत्रावर होते. तो कागद पुढे ठेवून पत्र मिळवलं. भूमापक आले, खुणा रोवल्या आणि क प्रत हातात आली, तेव्हा मला भरून आलं.

म्हणून तुम्ही अशी जागा वाचवायला निघालात तर आधी ताब्याचं लेखी उत्तर मिळवा, बाकी कागद मागून. हो, आणि अर्ज करण्याआधीच प्रत्येक दगडाचे फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून. नंतर दगड हलला तर पुरावा उरत नाही. मुरमाची तक्रार तहसीलदारांकडे वेगळी द्या, संरक्षणाच्या अर्जात मिसळू नका. वर्तुळात स्वतः काहीही उकरू नका.

आता जागा संरक्षित करण्याची प्राथमिक अधिसूचना निघाली आहे. हरकतींसाठी 2 महिने असतात. तिची प्रत जागेजवळ लावावी लागते. ती लागली आहे ना, हे मी रोज संध्याकाळी जाऊन पाहतो.