आमची वाटचाल : झेरॉक्सच्या काचेपासून गावच्या दप्तरापर्यंत

सांगलीतलं आमचं दुकान झेरॉक्स, डीटीपी आणि लग्नपत्रिकांवर चालायचं. आता निम्मं काम जुन्या कागदांचं आहे. गावकऱ्यांनी चालवलेली छोटी संग्रहालयं आणि वाचनालयं त्यांच्याकडचे फोटो, पत्रं, चोपड्या देतात. आम्ही ते स्कॅन करून, नोंदवून संकेतस्थळावर चढवतो. संकेतस्थळ आठवडाभरात उभं राहतं. वेळ खाते ती नोंद, आणि काम फसतं तेही नोंदीतच. म्हणून आमच्या दरपत्रकात आता नोंदीचा दर स्कॅनच्या वर आहे.

स्कॅनिंगचं थोडक्यात सांगतो. सुटा मजकूर ३०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके), फोटो ६०० ला. रंगीत ए-फोर पानाची टिफ, म्हणजे न दाबलेली चित्रफाइल, ३०० ला साधारण २६ एमबी होते, ६०० ला चौपट म्हणजे १०४. सरसकट ६०० लावून डिस्क भरण्यात शहाणपण नाही. शिवलेल्या चोपड्या काचेवर दाबल्या की कणा मोडतो. त्या स्टँडवरच्या कॅमेऱ्यानं वरून घ्यायच्या, दोन्ही बाजूंचे दिवे ४५ अंशांत. पातळ पानामागे काळा कागद सरकवला की पाठचा मजकूर पुढे उमटत नाही. लॅमिनेट केलेलं पत्र मात्र डोकेदुखी. कुणीतरी जपायला म्हणून करतं, पण गरम डिंक कागदात मुरला की तो सोडवता येत नाही. चकाकी टाळायला दिवे आणखी खाली घ्यावे लागतात.

कृष्णाकाठी पुराचा विचार आधीच करावा लागतो. २००५, २०१९, २०२१, पाणी येतंच. भिजलेला गठ्ठा उन्हात टाकू नये. पानं आकसतात, वेडीवाकडी होतात. दोनेक दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात पंख्याखाली, सावलीत, टीपकागदात पानं पसरायची. तेवढी माणसं नसतील तर गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि सवडीनं सोडवायचा. चिकटलेले फोटो कोरडे ओढले तर चित्राचा थरच निघून येतो. स्कॅनच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर. सांगलीत गावाबाहेर म्हणजे पूररेषेबाहेर. आमची तिसरी प्रत विट्याला असते.

नोंदींसाठी आम्ही ओमेका वापरतो, संग्रहांची संकेतस्थळं बनवायची ही प्रणाली. त्यात डब्लिन कोअर या नोंदींच्या प्रमाण नमुन्याचे पंधरा रकाने तयार मिळतात. सगळे भरायच्या फंदात पडू नये, सात-आठ नीट भरले तरी पुरे. ठिकाणाच्या रकान्याला मात्र आम्ही दोन भाग पाडतो, कागदावर लिहिलेलं आणि आजचं. नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळातल्या कागदावर तासगाव असेल तर जिल्हा सातारा. १ ऑगस्ट १९४९ नंतर तेच दक्षिण सातारा, आणि २१ नोव्हेंबर १९६० पासून सांगली. कुंडल, आटपाडी तर तेव्हा औंध संस्थानात. एकच रकाना ठेवला तर कुणीतरी जुनं नाव ‘दुरुस्त’ करतं आणि कागदाची साक्ष बिघडते.

तारखेचंही तसंच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. मोडी लिपीतल्या कागदावर ‘इहिदे तिसैन मया व अलफ’ असेल तर ते अरबी आकडे, एक, नव्वद, शंभर, हजार, म्हणजे मराठेशाहीत चालणाऱ्या सुहूर सनाचं ११९१. त्यात ५९९ मिळवून १७९०, पण हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून पुढच्या जानेवारी ते मेपर्यंत ६००. मूळ शब्द जसेच्या तसे टंकायचे, इसवी सन शेजारी.

मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या सामाईक अक्षरसंचात, आहे. ओमेका नोंदी साठवतं त्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये अक्षरं साठवायची जुनी यूटीएफ-८ मांडणी असेल तर देवनागरी नीट दिसते, कारण तिचं अक्षर तीन बाइटांत बसतं. मोडीचं अक्षर चार बाइटांचं, तिथं प्रश्नचिन्हं उमटतात. चार बाइटांची मांडणी पहिल्याच दिवशी निवडावी.

आणि शोध. ‘कऱ्हाड’ टाकलं, काहीच सापडत नाही. नोंदी तर चाळीस. यातला वळलेला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एकात टिंबवाला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. ‘साताऱ्यात’चंही हेच रडगाणं. नोंद जतन होतानाच सगळे र एका प्रकारात आणायचे. शिवाय ‘साताऱ्यात’ लिहिलेलं ‘सातारा’ शोधून सापडत नाही, म्हणून मूळ रूपातल्या शब्दांचा एक वेगळा रकाना, त्यात ‘कराड’ही.

गटफोटोंना हे काही पुरत नाही. तालमीचा किंवा शाळेचा फोटो ए-फोरवर मोठा छापायचा, वर ट्रेसिंग पेपर लावून डोक्यांना क्रमांक द्यायचे आणि देवळाच्या पारावर न्यायचा. मूळ फोटो न्यायचा नाही. कौतुकानं पाठीमागे बॉलपेननं नाव लिहिणारा कुणीतरी निघतोच, आणि त्याचा वळ पुढच्या बाजूनं चेहऱ्यावर उठतो. क्रमांक ४ ला दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहायची, कुणी आणि कधी सांगितलं त्यासकट.